खारूताईला बक्षीस

"काका, ती नोट खिशात ठेवा बरं. खारूताई पैसे घेत नाही," दिगंबर पुन्हा म्हणाला.

"घेत न्हाई म्हंजी? एवढी नाचली, आत घामाघूम झाली आसंल, आन् घेत न्हाई?"

काका लग्नाच्या मांडवातून उठून आल्यासारखे दिसत होते. पांढराशुभ्र सदरा, गॉगल, कडेवर नातू. त्यांनी शंभराची नोट दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर हलवली. ते नाक माझं नव्हतं, फोमचं होतं. माझं खरं नाक खाली, खारीच्या उघड्या तोंडात बसवलेल्या काळ्या जाळीमागं होतं आणि त्याला अशी खाज सुटली होती की विचारू नका. मी पंजा पुढं केला नाही. काकांनी नोट आणखी जवळ आणली, झटकन मागं घेतली आणि हसले. पुन्हा पुढं, पुन्हा मागं.

हा खेळ मला चांगला ठाऊक होता.

"टाळ्या द्या काका," दिगंबर गोड आवाजात म्हणाला. "खारूताईचं पोट टाळ्यांनी भरतं."

"टाळ्यांनी कुनाचं भरलंय रं आजपातूर?"

भोवतीची माणसं हसली. शेवटी नोट नातवाच्या हातात गेली आणि नातू आइस्क्रीमच्या गाडीकडं पळाला. मी शिकवल्याप्रमाणे दोन्ही पंजे छातीवर ठेवले, मान तिरकी केली, शेपटी हलवली. आतल्या आत काकांना एक शिवी हासडली. ती कुणाला ऐकू गेली नाही, कारण खारूताई बोलत नाही.

मौजबागेत नोकरीला लागले तेव्हा सबनीस मॅडमनी सगळे नियम समजावून सांगितले होते. पोरांसमोर तोंडातून शब्द काढायचा नाही. हातमोजा काढायचा नाही, माणसाची कातडी दिसता कामा नये. आणि पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. बोललीस तर एकदा समज देईन, म्हणाल्या, पण नोट घेतलीस तर त्याच संध्याकाळी घरचा रस्ता.

खरं सांगते, त्या शेवटच्या नियमासाठीच मी ही नोकरी धरली होती.

माझी आई तमाशात नाचायची. मालन निमगावकर. फडाच्या पोस्टरवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं आणि मी कनातीमागं, कपड्यांच्या पेट्यांवर झोपून वाढले. जाग आली की फटीतून बोर्डावर नाचणारी आई दिसायची आणि समोर पहिल्या रांगेतला कुणीतरी नोट दाखवत असायचा. आई घ्यायला पुढं झाली की हात मागं. दौलतजादा म्हणतात त्याला. नोट हाताला लागली की आई ती कपाळाला लावायची आणि माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारायची, "अमक्या गावच्या तमक्यांकडून पाच रुपये बक्षीस, फड त्यांचा आभारी आहे!" तेवढं मला आवडायचं. पण काही जण नोट हातात देतच नसत. बोर्डावर फेकायचे. मग आई वाकून वेचायची आणि ती वाकली की मागून शिट्ट्या यायच्या. आज माझे स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागलेत, तरी त्या शिट्ट्या कानातून गेलेल्या नाहीत.

बोर्डावर पाय ठेवायचा नाही, हे मी फार लवकर ठरवून टाकलं होतं. पण पाय ऐकायला तयार नव्हते. कुठं ढोलकी वाजली की टाचा वर. मग कुणीतरी मौजबागेबद्दल सांगितलं. घाटाखाली, हमरस्त्यावर नवीन बाग झालीय, पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत आणि जनावरांचे वेष घालून नाचणारी माणसं पाहिजेत. नाचायचं, पण तोंड झाकून. नाव कुणाला माहीत नाही. नोट कुणी दाखवायची नाही. मला वाटलं, हे खास माझ्यासाठीच काढलंय. आई काय करते, असं विचारलं तेव्हा मी "शिवणकाम" म्हणून सांगून टाकलं.

आईला मात्र हे काम काही केल्या पटेना. आदल्या पावसाळ्यात फड बंद होता, तेव्हा घरी बोलणं झालं होतं.

"आत तू हायेस, ह्ये कुनाला कळतं का?" तिनं विचारलं.

"नाही. तेच तर बरंय."

"मंग शाबासकी कुनाला भेटती?"

"खारीला."

"आन् कुनाला लई आवडलं, कुनाला कमी, ते कसं वळखायचं?"

"टाळ्या वाजवतात की."

"टाळ्या काय, शेजारचा वाजीवतो म्हनून मानूस वाजीवतो. पदरचं काय सोडलं तर समजावं."

मी चिडले. "आई, तिथं कुणी नोट नाचवत नाही. इज्जतीचं काम आहे. आणि कधी आलीस ना, तर तमाशाचं नाव काढू नकोस."

तिनं भाकरी उलटली, पिठाच्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, "न्हाई काढायची." त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही.

तिचे गुडघे तोवर गेले होते. नाच सुटला होता, फड सुटला नव्हता. पंचवीस-तीस माणसांच्या भाकऱ्या थापायची आणि गावोगाव ट्रकमध्ये झोपायची. मौजबागेत कायम झालं की कामगारांच्या चाळीत एक खोली मिळायची. पत्रा होता, पण खाली फरशी होती, नळ होता. मला ती खोली आईसाठी पाहिजे होती. बाकी काही नको होतं.

त्या दिवशी, मे महिन्याच्या सुट्टीतल्या एका रविवारी, ती खोली अगदी हाताशी आली होती. मागच्या खोलीत मी खारीचं डोकं काढून पंख्याखाली बसले होते, तेव्हा सबनीस मॅडम आत आल्या.

"उज्ज्वला, संध्याकाळच्या खेळाला मालक येतायत. तुझा कागद मी त्यांच्यापुढं ठेवलाय. नाच बघतील आणि सही करतील. दिगंबर, गॉगलवाल्याला छान सांभाळलंस तू. आजही तेच, काय? नोट दिसली की मध्ये पडायचं."

"पडतो की मॅडम," दिगंबर म्हणाला. हा दिगंबर म्हणजे माझा सोबती. खारीला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीनं बोलायला आणि तिला खांबावर आपटण्यापासून वाचवायला एक माणूस बरोबर असायचा. मॅडम गेल्यावर तो माझ्या पाण्याच्या बाटलीतलं अर्धं पाणी पिऊन हसत म्हणाला, "गेटवर एक नमुना आलाय बघ. म्हातारी एकटीच तिकीट काढून आत आली. पाळणा नको, काही नको. विचारतेय, खार किती वाजता नाचती? पोरं म्हणाली, फोटो काढायचा का आजी खारीबरोबर? तर म्हणे, फोटू नगं, नाच बघायचाय."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"कुठली आहे?"

"विचारलं पोरांनी. सांगत नाही. का गं?"

"काही नाही. उगाच."

ती आईच. फड उठला असणार. वैशाख संपला की उठतोच. मला हे सुचायला हवं होतं. उठून गेटपर्यंत जावं तर वेष अर्धा अंगावर, आणि अर्ध्या वेषात बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. निरोप पाठवावा तर काय पाठवू? परत जा? मी उठले, बसले, पट्टा सोडला, परत आवळला. दिगंबर म्हणाला, "मुंग्या चावतायत का?" मी त्याच्यावर खेकसले. ती कुणाशी बोलत असेल, कुणाला काय सांगत असेल, मालकांच्या शेजारी जाऊन बसली असेल का, असलं सगळं डोक्यात चाललं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आईची नव्हे, कँटीनमधल्या पोरांची. कळलं की लगेच म्हणतील, 'मग दाखव ना एखादी लावणी.'

खेळाची घंटा झाली. दिगंबरनं माझ्या डोक्यावर डोकं चढवलं.

कारंज्यापाशी वीतभर उंचीचा एक गोल चौथरा होता आणि समोर पायऱ्या. जाळीतून मला एका वेळी थोडंच दिसायचं, म्हणून मी मान फिरवून फिरवून बघत होते. पोरांना वाटलं खार गंमत करतेय. पोरं खिदळली. वरच्या बाजूला खुर्चीवर मालक, शेजारी मॅडम. सकाळचे गॉगलवाले काका अजून होतेच, नातवाच्या तोंडाला आइस्क्रीम फासलेलं. आई कुठं दिसेना. गाणं सुरू झालं, मी उड्या मारायला लागले, आणि तेवढ्यात ती दिसली.

खांबाला टेकून उभी होती. जरीकाठाचं ठेवणीतलं लुगडं, काखेत कापडी पिशवी. सगळी बाग खारीच्या तोंडाकडं बघत होती. ती एकटी माझ्या पायांकडं बघत होती.

बागेचं ते गाणं ज्यानं कुणी केलं त्यानं मध्येच ढोलकीचा एक तुकडा घातलेला होता. त्या तुकड्यावर मला नुसत्या टणाटण उड्या शिकवल्या होत्या आणि वर्षभर मी त्याच मारत आले होते. त्या दिवशी ढोलकी सुरू झाली आणि माझे पाय आपोआप दुसरीकडं वळले. टाच, चवडा, टाच, गिरकी. शेपटीचं ओझं डाव्या अंगाला ओढत होतं, घाम डोळ्यांत जात होता, मला थांबता येईना. आईची बोटं पिशवीवर चालू झाली होती. ती ठेका धरत होती. पायऱ्यांवरच्या माणसांनी मग जे उचलून धरलं! तेवढा वेळ मी मालक विसरले, खोली विसरले. मला फार फार बरं वाटलं.

गाणं थांबलं. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या ओसरायच्या आत आई खांबापासून निघाली.

"आजी, फोटो नंतर हां, जरा थांबा," दिगंबर म्हणाला.

ती थांबली नाही. एकेक पायरी कठड्याला धरून उतरली, चौथऱ्यासमोर आली, कमरेची चंची सोडली आणि घडी घातलेली नोट काढली. घडी उलगडली. बोटांच्या चिमटीत नाही, तळहातावर सपाट ठेवली आणि हात पुढं केला.

"खारूताईला बक्षीस," ती म्हणाली. आवाज शेवटच्या पायरीपर्यंत गेला. माइक नसला तरी तो जायचाच.

"आजी, खारूताई पैसे घेत नाही," दिगंबरनं ठरलेलं सुरू केलं. "टाळ्या द्या. खारूताईचं पोट टाळ्यांनी भरतं."

"टाळ्या दिल्या की लेकरा. ह्ये त्याच्यावर."

लोक हसले. मी तशीच उभी. पंजे छातीवर ठेवायचे, मान तिरकी करायची, शेपटी हलवायची. एवढंच करायचं होतं. मालक बघत होते. जाळीतून आईचा चेहरा अगदी समोर होता. तिनं मला उजी म्हणून हाक मारली नाही. पोरीची आई आहे, असं दिगंबरला सांगितलं नाही. कबूल केल्याप्रमाणे तमाशाचं नाव काढलं नाही. नुसता हात पुढं धरून उभी राहिली. आणि माझ्या लक्षात आलं की हिचा हात त्या नोट नाचवणाऱ्यांसारखा पालथा नाही, उताणा आहे, आणि तो मागं येणार नाही.

माझा पंजा पुढं गेला. का गेला मला सांगता येणार नाही. पण त्या जाड्या मखमली पंजाला फक्त चार बोटं आणि त्यांत धड खुळखुळासुद्धा धरता येत नसे. नोट निसटली, चौथऱ्यावर पडली.

आईनं एक हात गुडघ्यावर ठेवला आणि ती वाकायला लागली.

मागून कुठल्यातरी पोरानं शिट्टी मारली. गंमत म्हणूनच मारली असणार. मला मात्र ती कनातीमागं ऐकू आली.

मी धाडकन खाली बसले. शेपटीनं मला मागं ओढलं, मी कलंडले, पोरं हसली. आईच्या आधी मी नोटेवर पंजा ठेवला. दुसरा पंजा मांड्यांत दाबून हात बाहेर ओढला.

"मम्मी, खारीला हात आहे!" एक पोरगी किंचाळली.

दिगंबर माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "उज्ज्वला, मूर्खासारखं करू नको. मालक बघतायत."

मी नोट उचलली. उभी राहिले. फोमच्या कपाळाला लावली. आणि एवढ्या वर्षांत एकदाही न म्हटलेलं वाक्य, एकही शब्द न अडता, माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"निमगावच्या मालन निमगावकर यांच्याकडून शंभर रुपये बक्षीस! फड त्यांचा आभारी आहे!"

मग गॉगलवाले काका उभे राहून ओरडले, "आरं, आता कशी घेतली? आँ?" आणि त्यांनीच पहिली टाळी दिली.

आई हसली नाही. तिनं पदर सावरला, कंबर सरळ केली आणि नाव पुकारल्यावर एखादा पाटील जसा भोवती बघतो तशी हळूच सगळीकडं नजर फिरवली. मग पहिल्या पायरीवर पोरांनी करून दिलेल्या जागेत ऐटीत बसली.

मागच्या खोलीत सबनीस मॅडम माझ्याआधी येऊन थांबल्या होत्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"का केलंस?"

"माझी आई आहे ती."

"मग घरी घ्यायचे होतेस ना पैसे! कोण अडवत होतं?"

"घरी घेतले असते तर ते बक्षीस झालं नसतं मॅडम."

"मालकांनी विचारलं, ही मालन निमगावकर कोण. काय सांगू?"

"नाचायची, म्हणून सांगा. तमाशात. शिवणकाम मी खोटं सांगितलं होतं."

त्यांनी खारीचं डोकं माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवलं, त्याच्या कानावरची धूळ झटकली. "नियम नियमच आहे उज्ज्वला. मी काही करू शकत नाही. नोट तेवढी जमा कर."

"नोट नाही मिळायची," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा मागितली नाही.

दिगंबर फाटकापर्यंत पोचवायला आला. काय बोलावं ते त्याला सुचेना. एरवी माझ्या वतीनं दिवसभर बोलणारा माणूस! शेवटी म्हणाला, "पाय जबरदस्त पडले आज तुझे." आणि मागं वळला.

हमरस्त्यावर, एसटीच्या थांब्याजवळ, आई मैलाच्या दगडावर बसली होती. उन्हं कलली होती. गाड्या सुसाट जात होत्या.

"काढलं?" तिनं विचारलं.

"काढलं."

"आन् खोली?"

"गेली."

ती गुडघा चोळत राहिली. मला राग आला होता, रडू येत होतं आणि तिच्या मांडीवर डोकंही ठेवायचं होतं, सगळं एकाच वेळी. मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालायला लागले.

"कशाला आलीस गं? नुसतं बघून जायचं होतंस. नोट कशाला काढलीस?"

"आविष्यभर घेतच आले," ती म्हणाली. "एकदा देऊन बघायचं व्हतं. देनाऱ्याला काय वाटतं त्ये."

"मग? काय वाटलं?"

"हातावर व्हती तवर जीव निस्ता घाबरा. वाटलं, पोरगी न्हाई घेनार. आपल्या हातची कशाला घील?" तिनं चंचीची दोरी आवळली. "मंग तू नाव पुकारलंस."

मी येरझाऱ्या थांबवल्या. ती माझ्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती. तळहातानं डोळे पुसून ती एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "डावा पाय मागं पडतो तुझा."

"शेपटीमुळं. केवढं ओझं असतं माहितीये?"

"शेपटीवर नगं ढकलू. आता हाय का शेपटी? दाव."

"इथं?"

"मंग कुटं? पाटलाच्या वाड्यावर?"

तिनं पिशवीतून जेवणाचा रिकामा डबा काढला, मांडीवर उपडा घातला आणि बोटं त्यावर पडली. तोच तुकडा. एकदा ऐकून तिनं तो जसाच्या तसा उचलला होता. मी इकडंतिकडं पाहिलं. पलीकडं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथली दोन माणसं ग्लास हातात धरून बघत होती. मी चपला काढल्या. डांबराच्या कडेची माती अजून तापलेली होती.

टाच, चवडा, टाच. सवयीनं माझी मान खाली गेली.

"तोंड वर," आई डब्यावरची बोटं न थांबवता म्हणाली. "तोंड दिसू दे."

मी तोंड वर केलं. घाटाच्या वळणावरून आमची एसटी आली, थांब्यापाशी जरा हळू झाली. आम्ही दोघींनीही हात केला नाही, आणि ती निघून गेली.